फोटोचा हक्क बिलबुकात ठरतो

मा. संपादक,
स. न. वि. वि.

लॉ सीईटीचा हंगाम आला की वृत्तपत्रांची करिअरची पाने वकिलीच्या नव्या वाटा सांगू लागतात. त्यात ‘बौद्धिक संपदा’ (कॉपीराइट, पेटंट, ट्रेडमार्क यांसारखे हक्क) हा शब्द हटकून असतो आणि तो वाचताच आपल्याकडची मुले मनातल्या मनात पुण्या-मुंबईची एसटी पकडतात. सातारा-सांगलीत बसून हे काम होत नाही, असा समज वकिलांच्या बार रूममध्येही आहे. फोटोग्राफरांच्या कॉपीराइटपुरता तरी तो चुकीचा आहे. ही वाट कुठून सुरू होते, काम कसले मिळते आणि नवखा वकील कुठे घसरतो, ते लिहितो. पत्र लांबेल, सांभाळून घ्यावे.

कामाला तोटा नाही. सप्टेंबरात कास फुलले की पहाटेच्या धुक्यात कुणीतरी गुडघ्यावर बसून काढलेला फोटो पंधरा दिवसांत एखाद्या रिसॉर्टच्या फ्लेक्सवर, एखाद्या पतसंस्थेच्या कॅलेंडरवर आणि चार-पाच ‘आपला सातारा’ छापाच्या इन्स्टाग्राम पानांवर दिसू लागतो. ठोसेघरचा धबधबा, मेणवलीचा घाट, बावधनचे बगाड, पालीची यात्रा, सांगलीकडे कृष्णेचा पूर, तासगावचा बेदाणा, बैलगाड्यांच्या शर्यती, सगळ्यांचे तेच होते. फ्लेक्सवाला म्हणतो, गुगलवर मिळाला. हॉटेलवाला म्हणतो, फ्लेक्सवाल्याने टाकला. फोटोग्राफर चिडून व्हॉट्सअॅप ग्रुपवर लिहितो आणि तिथेच विषय संपतो, कारण पुढे कुणाकडे जायचे हे त्याला ठाऊक नसते.

वकिलाकडे तो आलाच, तर वकिलाने नोटिशीचा कागद काढण्याआधी एक प्रश्न विचारायचा असतो : हा फोटो कुणाच्या सांगण्यावरून काढला, आणि त्याचे पैसे घेतले होते का? साऱ्या प्रकरणाची मेख इथे आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात फोटोचा कर्ता म्हणजे तो काढणारा. पण कर्ता आणि मालक एकच असतो असे नाही. कलम १७ (ब) सांगते की एखाद्याच्या सांगण्यावरून मोबदला घेऊन फोटो काढला असेल आणि उलट करार नसेल, तर पहिला मालक तो फोटो काढून घेणारा. म्हणजे लग्नाच्या हजारो फोटोंचा कॉपीराइट, काही लिहिले नसेल तर, फोटोग्राफरचा नसून ऑर्डर देणाऱ्या पार्टीचा. हळदीच्या व्यापाऱ्याने पाकिटासाठी काढून घेतलेले फोटो व्यापाऱ्याचे. मंगल कार्यालयाने आपल्या हॉलचे शूट करून घेतले, तर ते कार्यालयाचे. कासला स्वतःच्या हौसेने, स्वतःच्या पेट्रोलवर जाऊन काढलेला फोटो मात्र पूर्णपणे फोटोग्राफरचा. एकमेकांच्या ओळखीत पैसे न घेता केलेल्या शूटमध्येही मोबदला नसल्याने हक्क त्याच्याकडेच राहतो.

बहुतेक फोटोग्राफरांना हे कलम माहीत नसते आणि बऱ्याच वकिलांनाही नसते. नवरीचा छान आलेला फोटो स्टुडिओच्या पाटीवर लावणारा फोटोग्राफर आपण आपलेच काम दाखवतो आहोत असे समजतो. कायद्याच्या नजरेत तो ग्राहकाच्या कॉपीराइटचा भंग करत असतो, वर त्या मुलीच्या खासगीपणाचा प्रश्न वेगळाच. या शाखेतल्या वकिलाला आपल्याच अशिलाला हे सांगावे लागते. गोड वाटत नाही, पण नंतर उलटतपासात निघण्यापेक्षा आधी निघालेले बरे.

म्हणून या वकिलीचे पहिले उत्पादन म्हणजे दावा नव्हे, कोटेशनचा कागद. आपल्याकडे फोटोग्राफर बुकिंग घेतो ते बिलबुकावर : तारीख, ठिकाण, कँडिड किती, ड्रोन आहे की नाही, अल्बमची पाने, ऍडव्हान्स. त्याच पानावर चार ओळी वाढवायच्या. ‘या ऑर्डरमधील सर्व फोटोंचा कॉपीराइट फोटोग्राफरकडे राहील. ग्राहकाला घरगुती वापर, प्रिंट, अल्बम आणि फोटोग्राफरच्या नावासह समाजमाध्यमांवर टाकण्याची कायमची परवानगी आहे. जाहिरात, विक्री किंवा तिसऱ्या व्यक्तीला व्यावसायिक वापरासाठी देणे यासाठी वेगळी लेखी परवानगी लागेल. फोटोग्राफरने कामाचा नमुना म्हणून फोटो दाखवण्यास ग्राहकाची संमती आहे / नाही.’ शेवटच्या ओळीतला ‘आहे / नाही’ खरोखर खोडायला लावायचा. खोडल्याशिवाय सही घेतली तर त्या ओळीला अर्थ उरत नाही.

या चार ओळींवर ग्राहकाची सही शूटच्या आधी हवी. आधी झाली तर तो कलम १७ मधला ‘उलट करार’. फोटो निघून गेल्यावर मालकी ग्राहकाकडे गेलेली असते. मग ती परत आणायला कलम १९ प्रमाणे लेखी, सही केलेले हस्तांतरण लागते आणि त्यात कोणते फोटो, कोणते हक्क, किती काळ, कोणत्या प्रदेशात आणि किती मोबदल्यात हे सगळे यावे लागते. काळ लिहिला नाही तर कायदा पाच वर्षे धरतो, प्रदेश लिहिला नाही तर भारतापुरते धरतो, आणि एक वर्षाच्या आत हक्क वापरला नाही तर, करारात वेगळे म्हटले नसेल तेव्हा, तो हक्क देणाऱ्याकडे परत जातो. अल्बम देताना शेवटच्या बिलाच्या मागे छापलेल्या ‘अटी व शर्ती’ त्यामुळे जवळजवळ निरुपयोगी असतात. काम होऊन गेलेले असते आणि मागच्या बाजूला कुणी सहीही करत नाही.

लग्नाच्या धंद्यातली आणखी एक गाठ म्हणजे रोजावर बोलावलेला दुसरा फोटोग्राफर. मुख्य माणसाने त्याला दिवसाचे पैसे देऊन उभे केले, त्याने काढलेले सर्वात चांगले दहा फोटो नंतर त्याच्याच इन्स्टाग्रामवर येतात आणि भांडण लागते. त्याच्याशी एका पानाचा कागद हवा : फाईल कुणाच्या, नाव कुठे येणार, नमुना म्हणून किती फोटो किती दिवसांनी टाकायचे. मालकी कुणाचीही ठरो, कलम ५७ चा नाव सांगण्याचा हक्क काढणाऱ्याकडेच राहतो. हे कलम फार महत्त्वाचे आहे. कॉपीराइट विकून टाकला किंवा १७ (ब) ने ग्राहकाकडे गेला, तरी ‘हा फोटो माझा’ म्हणण्याचा आणि बदलौकिक होईल अशी मोडतोड रोखण्याचा अधिकार कर्त्याचाच. शिल्पकार अमरनाथ सेहगल यांच्या विज्ञान भवनातल्या भित्तिशिल्पाच्या खटल्यात दिल्ली उच्च न्यायालयाने २००५ साली हाच हक्क सरकारविरुद्ध उचलून धरला होता.

आता संपादक महोदय, थोडे आपल्या घरचे. वृत्तपत्राच्या नोकरीत असलेल्या छायाचित्रकाराचा फोटो वृत्तपत्रात छापण्यापुरता मालकाचा. बाकी सर्व बाबतींत, उलट करार नसेल तर, छायाचित्रकाराचा. तालुक्याचा वार्ताहर मात्र बहुधा नोकरीत नसतो. त्याला फोन करून ‘जा आणि काढून आण’ म्हटले आणि फोटोचे पैसे दिले, तर १७ (ब) लागू होते. त्याने आपणहून काढून पाठवला, तर तो त्याचाच राहतो आणि वृत्तपत्राला फक्त छापण्याची मुभा मिळते. पुढच्या वर्षीच्या पर्यटन पुरवणीत तोच फोटो पुन्हा वापरण्याची मुभा त्यात आपोआप येत नाही. ‘छाया : इंटरनेट’ किंवा ‘सौजन्य : सोशल मीडिया’ लिहिल्याने परवानगी मिळत नाही. चालू घडामोडींच्या वार्तांकनासाठी कलम ५२ मध्ये सवलत आहे, पण पुराच्या बातमीतला फोटो आणि ‘चला कासला’ या पुरवणीतला फोटो यांत फरक आहे.

वाटेकडे येतो. बारावीनंतर पाच वर्षांचा किंवा पदवीनंतर तीन वर्षांचा अभ्यासक्रम साताऱ्यात इस्माईलसाहेब मुल्ला विधी महाविद्यालयात, सांगलीत एन. एस. सोटी विधी महाविद्यालयात करता येतो. वकिलीची सनद (परवाना) महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलची. सर्वोच्च न्यायालयाच्या जुलै २०२४ च्या निकालानंतर नोंदणी शुल्क खुल्या गटाला ७५० आणि अनुसूचित जाती-जमातींना १२५ रुपयांच्या वर घेता येत नाही. अखिल भारतीय बार परीक्षा पार पाडायची. पेटंटच्या कामाला जशी वेगळी एजंट परीक्षा लागते, तशी कॉपीराइटला लागत नाही. जागतिक बौद्धिक संपदा संघटनेचा डीएल-१०१ हा ऑनलाइन अभ्यासक्रम मोफत आहे, तो करावा. पण त्याचे प्रमाणपत्र भिंतीवर लावून अशील येत नाहीत.

माझे मत असे की पहिली दोन-तीन वर्षे दिवाणीच्या चांगल्या सीनिअरकडे काढावीत, बौद्धिक संपदेच्या नावाखाली कुठेही नाही. जमिनीच्या वाटपाचा दावा लिहिता लिहिता जे येते तेच इथे लागते : वादकारण (ज्या घटनेवरून दावा उभा राहतो ती) कधी घडले ते नेमके मांडणे, निशाण्यांची (पुराव्याच्या कागदांची) यादी, तूर्तातूर्त मनाईच्या (निकालापर्यंत समोरच्याला थांबवणाऱ्या हुकमाच्या) अर्जात सकृद्दर्शनी केस, सोयी-गैरसोयीचा तोल आणि भरून न येणारे नुकसान हे तिन्ही मुद्दे तथ्यांनी भरणे. कायदा पाठ असलेला पण हा मनाईचा अर्ज न लिहिता येणारा वकील या कामात उपयोगाचा नाही. याच काळात एखाद्या स्टुडिओत आणि एखाद्या फ्लेक्सच्या छापखान्यात आठ-आठ दिवस बसावे. फाईल कुठून येते, डिझायनर गुगलवरून कसा ओढतो, कोणती फाईल कुणाच्या पेनड्राइव्हवर जाते, हे तिथे कळते, पुस्तकात नाही. मात्र सनद घेतल्यावर स्वतःचा स्टुडिओ चालवता येत नाही, बार कौन्सिलच्या नियमांनी वकिलाला दुसरा धंदा करता येत नाही. हौशी फोटोग्राफर असलेल्या विधी विद्यार्थ्यांनी हे आधीच ध्यानात घ्यावे.

पुराव्याचा भाग सर्वांत मोठा आहे आणि बहुतेक प्रकरणे तिथेच मरतात. फोटो आपला हे सिद्ध करायला सर्वोत्तम साधन म्हणजे रॉ फाईल, कॅमेऱ्याने टिपलेली मूळ, संस्कार न झालेली फाईल : कॅननची सीआर३, निकॉनची एनईएफ, सोनीची एआरडब्ल्यू. तिच्या पोटात कॅमेऱ्याचे मॉडेल, बहुधा अनुक्रमांक, वेळ, शटर, लेन्स ही माहिती असते. त्याहून भक्कम म्हणजे शेजारच्या फ्रेम. ४५१२ क्रमांकाचा फोटो चोरीला गेला असेल, तर ४५०८ ते ४५१८ या फ्रेम ज्याच्याकडे आहेत त्याच्यापुढे चोर टिकत नाही, कारण त्याच्याकडे फक्त एकच जेपीजी असते. पण आपले फोटोग्राफर हार्ड डिस्क भरली की निवडलेले ठेवून बाकीचे पुसतात. वकिलाने सांगायचे : विकले जाणारे फोटो ज्या दिवशी काढले, त्या दिवसाचे पूर्ण कार्ड दोन डिस्कवर ठेवा.

दुसरे दुखणे कॅमेऱ्याच्या घड्याळाचे. आतली छोटी बॅटरी संपली की तारीख कुठल्या तरी जुन्या वर्षावर जाते, आणि २०२४ च्या कासच्या फोटोवर २०१५ लिहिले जाते. समोरचा वकील तेवढेच पकडून बसतो. घड्याळ चुकले असेल तर रॉ फाईलमध्ये नंतर दुरुस्ती करायची नाही. त्याच कार्डावरच्या इतर फ्रेम, प्रवेशाची पावती, पेट्रोलचे बिल, त्याच दिवशी टाकलेली पोस्ट यांनी खरी तारीख दाखवायची. व्हॉट्सअॅपवर फोटो म्हणून पाठवला की आतली माहिती निघून जाते आणि आकार लहान होतो. पाठवायचाच तर डॉक्युमेंट म्हणून पाठवावा. कॅमेऱ्याच्या मेनूत कॉपीराइट माहितीची जागा असते, तिथे एकदा नाव भरले की प्रत्येक फाईलमध्ये ते जाते. दोन मिनिटांचे काम, आणि फारच थोडे लोक करतात.

फोटोवर नाव असण्याचे कायद्यातही वजन आहे. नाव छापलेले असेल तर कलम ५५ प्रमाणे तोच कर्ता असे गृहीत धरले जाते. आणि प्रतिवादीने ‘यावर कुणाचा कॉपीराइट असेल असे मानायला मला कारणच नव्हते’ हे सिद्ध केले, तर मनाई आणि फार तर नफ्यातला वाटा मिळतो, नुकसानभरपाई मिळत नाही. कोपऱ्यात ठळक नाव असलेल्या फोटोबद्दल हे म्हणणे अवघड जाते. हे नाव किंवा आतली माहिती कुणी जाणूनबुजून पुसली, तर कॉपीराइट कायद्याच्याच कलम ६५ब प्रमाणे दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड आहे. वॉटरमार्क खोडून वापरलेल्या फोटोंच्या नोटिशीत हे कलम घालायला वकील विसरतात.

चोरीचा पुरावा त्याच दिवशी गोळा करावा. इन्स्टाग्रामची स्टोरी चोवीस तासांत जाते. पूर्ण पत्ता, तारीख, वेळ दिसेल असा स्क्रीनशॉट, शिवाय पान उघडून खाली सरकवत केलेले स्क्रीन रेकॉर्डिंग. फ्लेक्स असेल तर जवळून, लांबून आणि आसपासची खूण येईल असा, असे तीन फोटो. कोपऱ्यात छापखान्याचे नाव असेल तर तेही. छापील कॅलेंडर असेल तर दोन प्रती मिळवून ठेवायच्या. हे सगळे न्यायालयात नेताना १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष अधिनियमाच्या (नव्या पुरावा कायद्याच्या) कलम ६३ चे प्रमाणपत्र लागते. त्याचे दोन भाग आहेत, भाग अ पक्षकाराचा आणि भाग ब तज्ज्ञाचा, आणि दोन्हींत फाईलचा हॅश, म्हणजे तिच्यावरून गणिताने निघणारा बोटाच्या ठशासारखा संकेतांक, लिहावा लागतो. विंडोजच्या संगणकात सर्टयुटिल या आज्ञेने एसएचए-२५६ हॅश निघतो, वेगळे सॉफ्टवेअर लागत नाही. चूक होते ती अशी की हॅश काढल्यावर कुणीतरी फाईल उघडून पुन्हा सेव्ह करते. एक ठिपका बदलला तरी हॅश जुळत नाही. प्रमाणपत्राशिवाय इलेक्ट्रॉनिक प्रत चालत नाही, हे अर्जुन पंडितराव खोतकर प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये जुन्या पुरावा कायद्याखाली पक्के केले. तो वाद आपल्या जालन्याच्या निवडणुकीचा होता.

इतके झाल्यावर नोटीस. तिच्यात फोटोचे वर्णन, कधी-कुठे काढला, कुठे-कधी वापरलेला आढळला, हक्क कशावरून, आणि मागणी : किती दिवसांत काढायचा, किती प्रती छापल्या ते सांगायचे, झालेल्या वापराचे किती पैसे. सोबत लहान आकाराची प्रत द्यावी, रॉ कधीही देऊ नये. ‘पैसे द्या, नाहीतर गुन्हा दाखल करतो’ हे वाक्य नोटिशीत नको. कॉपीराइट कायद्याच्या कलम ६० प्रमाणे निराधार धमकी देणाऱ्याविरुद्धच समोरचा दावा लावू शकतो, आणि मालकी १७ (ब) ने दुसऱ्याची निघाली तर ती धमकी निराधारच ठरते. एकाच ठिकाणी उभे राहून दोघांनी काढलेल्या सूर्यास्तात चोरी नसते; ज्याची त्याची फ्रेम ज्याची त्याची. कल्पनेवर कॉपीराइट नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७८ च्या आर. जी. आनंद निकालात सांगून ठेवले आहे. महाबळेश्वरच्या एखाद्या पॉइंटवरून ‘माझा अँगल चोरला’ म्हणून येणाऱ्या अशिलाला परत पाठवणे हेही या वकिलाचे काम.

संकेतस्थळावरून फोटो उतरवायचा असेल तर त्या मंचाचा स्वतःचा तक्रार फॉर्म सर्वांत जलद. तो चालला नाही तर २०१३ च्या कॉपीराइट नियमांतला नियम ७५ : लेखी तक्रारीत फोटोचे वर्णन, मालकीचा आधार, नेमका पत्ता आणि सक्षम न्यायालयात दावा लावून २१ दिवसांत हुकूम आणण्याची हमी द्यायची, मंचाने ३६ तासांत पाऊल उचलायचे. २१ दिवसांत हुकूम आला नाही तर मंच तो फोटो पुन्हा वर ठेवू शकतो. ही हमी न वाचता सही करणारे वकील आहेत.

दाव्यासाठी साताऱ्याबाहेर जावे लागत नाही, ही या वाटेची सर्वांत मोठी सोय. कलम ६२ मुळे फिर्यादी जिथे राहतो किंवा धंदा करतो तिथल्या जिल्हा न्यायालयात दावा लावता येतो. फोटो दिल्लीच्या कंपनीने वापरला तरी कास-बामणोलीचा फोटोग्राफर साताऱ्यात दावा लावू शकतो. मोठ्या कंपन्यांना दाव्याचे ठिकाण निवडण्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१५ च्या संजय दालिया निकालाने थोडी वेसण घातली आहे, एकट्या फोटोग्राफरला ती क्वचित आडवी येते. दाव्याची किंमत तीन लाख किंवा त्याहून जास्त असेल तर तो व्यावसायिक न्यायालयाच्या कायद्याखाली जातो : सगळी कागदपत्रे सुरुवातीलाच, सत्यतेच्या निवेदनासह, प्रतिवादीची कैफियत (लेखी उत्तर) ३० दिवसांत, फार तर १२० दिवसांत. तातडीची मनाई मागायची नसेल तर आधी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात मध्यस्थी. ती टाळून आलेला दावा फेटाळला जातो, हे २०२२ च्या पाटील ऑटोमेशन निकालाने ठरवले. भरपाईला तीन वर्षांची मुदत. आणि १८ ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच कोल्हापुरात बसते, सातारा-सांगली त्याच्याच कक्षेत, त्यामुळे वरचे कामही सकाळी निघून संध्याकाळी परत येण्याजोगे झाले.

भरपाई किती? अमेरिकेसारखी कायद्यात ठरलेली रक्कम आपल्याकडे नाही. न्यायालय विचारते, परवानगी घेतली असती तर किती दिले असते. याचे उत्तर फोटोग्राफरच्या जुन्या बिलांतून येते. समजा कासचा एक फोटो एका वर्षाच्या होर्डिंगसाठी पूर्वी ८,००० रुपयांना दिल्याचे बिल आहे, तर तो आकडा न्यायालयात उभा राहतो. ‘माझ्या कलेची किंमत पाच लाख’ हा आकडा राहत नाही, उलट कोर्ट फी मात्र वाढवतो. म्हणून ज्याने आजवर सगळे फोटो ओळखीत फुकट दिले, त्याची केस जिंकली तरी हाती फारसे येत नाही. वर्षातून दोन-तीन फोटो रीतसर बिल करून, काळ आणि वापर लिहून विकावेत, असे त्याला सांगायचे.

फौजदारीबद्दल थोडक्यात. जाणूनबुजून भंगाला सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख दंड; नफ्यासाठी किंवा धंद्यात केलेला नसेल तर न्यायालय शिक्षा कमी करू शकते. गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र, हे सर्वोच्च न्यायालयाने २० मे २०२२ च्या निट प्रो निकालात सांगितले. पोलीस ठाण्यात ‘हे दिवाणी आहे’ असे ऐकू आले तर हा निकाल छापून न्यावा, मग पोलीस अधीक्षकांना लेखी अर्ज, मग न्यायदंडाधिकारी. तरीही हॉटेलच्या एका फ्लेक्ससाठी हा रस्ता धरू नये. चोरलेले फोटो साईटभर मांडून विकणाऱ्यांसाठी, कॅलेंडरे छापून बाजारात आणणाऱ्यांसाठी तो ठेवावा.

नोंदणी सक्तीची नाही. फोटो निघाला त्या क्षणी हक्क जन्मतो. नोंदवला तर नोंदवही सकृद्दर्शनी पुरावा होते. फॉर्म चौदा, एका फोटोला ५०० रुपये. मालाच्या पाकिटावर वापरायचा असेल तर २,००० आणि ट्रेडमार्क नोंदणी कार्यालयाचे प्रमाणपत्रही. डायरी क्रमांक (अर्जाचा नोंद क्रमांक) पडल्यावर हरकतींसाठी तीस दिवस थांबावे लागते. फोटोत ओळखू येणारी व्यक्ती असेल तर तिचे ना-हरकत पत्र आधीच घ्यावे, नाहीतर त्रुटीचे पत्र येते. पाच हजार फोटो नोंदवण्यात अर्थ नाही, विकले जाणारे पाच-दहा पुरे. ज्यांचे फोटो अमेरिकेत वापरले जातात त्यांनी तिथली गट नोंदणी पाहावी : एका अर्जात ७५० फोटोंपर्यंत, ५५ डॉलर, आणि ती चोरीच्या आधी, किंवा फोटो प्रसिद्ध झाल्यापासून तीन महिन्यांत, झाली तरच तिथली ठरीव भरपाई मिळते.

जुन्या स्टुडिओंचे वारस पेट्या घेऊन येतात, त्यांच्यासाठी एक ओळ. मुदत आता कर्त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे आहे. २१ जून २०१२ पूर्वी ती प्रसिद्धीपासून ६० होती. त्यामुळे १९५० मध्ये प्रसिद्ध झालेला फोटो २०१० अखेर मुक्त झाला आणि नव्या दुरुस्तीने परत बांधला जात नाही. १९६० चा असेल तर नवी मुदत लागते. आणि पेटीतले पोर्ट्रेट गिऱ्हाइकाने पैसे देऊन काढवले असतील, तर पुन्हा तेच १७ (ब).

पोटापाण्याचे काय, हा प्रश्न उरतोच. वसुलीच्या टक्क्यांवर फी ठरवायला बार कौन्सिलचा नियम मनाई करतो, जाहिरात करायलाही करतो. संकेतस्थळावर नाव, पत्ता, पात्रता, कामाचे क्षेत्र एवढेच चालते. नोटिशी आणि दावे यांवर पहिली वर्षे निघत नाहीत. निघतात ती कागदांवर : कोटेशनचा मसुदा, रोजावरच्या फोटोग्राफरचा करार, फोटो वापराची परवानापत्रे, तालुक्याच्या फोटोग्राफर संघटनेशी वर्षाच्या ठरीव फीवर सल्ला. आणि दुसरी बाजूही विसरू नये. हॉटेले, फ्लेक्सवाले, कॅलेंडर छापणाऱ्या पतसंस्था, मसाल्याचे ब्रँड यांना छापण्याआधी ‘हा फोटो वापरू का’ हे सांगणारा माणूस हवा असतो, आणि नियमित पैसे तेच देतात. फक्त एकाच फोटोत दोन्हीकडून उभे राहता येत नाही, हे डायरीत लिहून ठेवावे.

आपल्याकडे एक विनंती. वार्ताहरांच्या नेमणूक पत्रात ‘आपण पाठवलेले फोटो या वृत्तपत्रात व त्याच्या संकेतस्थळावर एकदा छापण्याची परवानगी, पुनर्वापरासाठी प्रत्येकी इतके रुपये, नाव फोटोखाली’ एवढी ओळ घालता येईल का? रकमेची जागा मोकळी ठेवली आहे, ती आपण भरावी.

आपला,
जिल्हा न्यायालयात दिवाणी काम करणारा एक वकील, सातारा